काळजीवाहक नेमताना

काळजीवाहकाच्या पदासाठी अर्ज आला की मी आधी त्यातली वर्षं वाचते. दहावी कधी झाली, पहिली नोकरी कधी धरली, कधी सोडली, दुसरी कधी लागली. आमच्या बालगृहात सहा ते अठरा वर्षांची मुलं राहतात. ती बाल कल्याण समितीच्या आदेशाने येतात. काहींना आईवडील नाहीत, काहींना ते असूनही घरी परतता येत नाही. अधीक्षक, समुपदेशक, शिक्षक दिवसा असतात. रात्री मुलांच्या खोलीशेजारी झोपतो तो काळजीवाहक. त्याचा पगार आमच्याकडे जवळजवळ सगळ्यांत कमी आहे, पण मुलं सर्वाधिक वेळ त्याच्याच हाती असतात. म्हणून निवड समितीत आम्ही सर्वांत जास्त वेळ याच पदाला देतो.

दोन नोकऱ्यांमध्ये खंड दिसला की मी पेन्सिलीने खूण करते. खंड असणं हा दोष नाही. कुणी आईच्या आजारपणात घरी राहिलेला असतो, कुणाचं काम टाळेबंदीत गेलेलं असतं. पण तो काळ कुठे, कुणाकडे गेला हे विचारायचं, उत्तर लिहून घ्यायचं आणि पडताळायचं, हा आमचा नियम आहे.

मुलाखतीत ‘मला मुलं फार आवडतात’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. त्यावरून काहीच ठरत नाही, म्हणून आम्ही प्रसंग मांडतो. रात्री दोन वाजता आठ वर्षांच्या मुलाने अंथरूण ओलं केलंय, तो रडतोय आणि तुम्ही एकटे आहात. काय कराल? एक उमेदवार म्हणाला, ‘सकाळी सगळ्यांसमोर उभं करीन, म्हणजे सवय मोडेल.’ दुसरा म्हणाला, ‘आवाज न करता चादर बदलीन. बाकीच्या मुलांना कळलं तर ती त्याला चिडवतील.’ मग दुसरा प्रसंग. तुमचा सहकारी एकाच मुलाला सारखा खाऊ देतो, त्याला एकट्याला बोलावून घेतो. तो तुमचा मित्र आहे. इथे बरेच जण ‘आधी त्याला समजावीन’ म्हणतात. ‘त्याच दिवशी अधीक्षकांना सांगेन’ असं म्हणणारा आम्हाला हवा असतो.

पोलिसांची चारित्र्य पडताळणी अर्थातच लागते. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो वा कंत्राटी, अशी पडताळणी ठराविक काळाने करायचीच आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप ज्याच्यावर आला, तो कंत्राटी सफाई कामगार होता आणि त्याच महिन्यात कामावर लागला होता. आमचा कंत्राटदार कुरकुरतो, ‘मॅडम, माणसं सारखी बदलतात, प्रत्येकाचे कागद कुठून आणू?’ कागद नसलेला माणूस फाटकाच्या आत येणार नाही, एवढंच आमचं उत्तर असतं.

पण त्या प्रमाणपत्राची मर्यादा ओळखायला हवी. पोलिसांपर्यंत जे पोहोचलं तेवढंच त्यात येतं. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 पासून ठेवली जाते, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. मुलांच्या बाबतीत तर कितीतरी गोष्टी चौकीपर्यंत जातच नाहीत.

म्हणून मी मागच्या संस्थेला फोन करते. अर्जात दिलेल्या नंबरवर नाही. संस्थेचा नंबर स्वतः शोधून, थेट प्रमुखांना. शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो: याला पुन्हा कामावर घ्याल का? एका उमेदवाराकडे मागच्या संस्थेचं उत्तम शिफारसपत्र होतं. मी हा प्रश्न विचारला आणि पलीकडचा आवाज अडखळला. बऱ्याच वेळाने कळलं, एका मुलाने त्याच्याबद्दल तक्रार केली होती. संस्थेचं नाव खराब होऊ नये म्हणून त्याचा राजीनामा घेतला, पत्र दिलं आणि विषय मिटवला.

आम्ही त्याला घेतलं नाही, आणि कळलेली माहिती पोलिसांना लेखी दिली. पॉक्सोच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचं कळलं तर ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

नेमणूक झाल्यावरही सुरुवातीचे महिने नवा काळजीवाहक रात्रपाळीला एकटा नसतो. समुपदेशक मुलांशी त्याच्याबद्दल वेगळं बोलतात. यात वेळ जातो, आणि माणसं कमी असताना तो काढणं जड जातं. पण सगळ्यांत जास्त मदत होते ती मागच्या संस्थेने खरं सांगितलं तर. आमच्याकडून गेलेल्या माणसाबद्दल फोन आला की मी स्वतः उत्तर देते, मग ते कितीही अवघड असो. ज्याला आपण आपल्या मुलांपासून दूर केलं, त्याला चांगली शिफारस देऊन दुसऱ्यांच्या मुलांकडे पाठवण्याचा अधिकार कुठल्याच संस्थेला नाही.