अकरावीचे विषय: उल्हासनगर ते बदलापूर

दहावीचा निकाल लागला की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांत, स्थानकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांपासून शाळांच्या कचेऱ्यांपर्यंत, एकाच गोष्टीची चर्चा चालते. ती म्हणजे यंदा कोणत्या महाविद्यालयाची यादी किती टक्क्यांवर थांबणार. आपल्या पाल्याने पुढील दोन वर्षे कोणते विषय शिकावयाचे, हा त्याहून मूलभूत प्रश्न मात्र बहुधा अर्जाच्या एका रकान्यात, घाईघाईने, आणि पुष्कळदा ज्याला शिकावयाचे आहे त्याचे मत न घेताच निकालात काढला जातो.

ही निवड इतक्या कोवळ्या वयात करावी लागते याचे कारण आपल्या शिक्षणाच्या आकृतिबंधात आहे. पूर्वी अकरावीची शालान्त परीक्षा देऊन विद्यार्थी थेट महाविद्यालयात जात असे. 1975 साली दहावीची आणि 1977 साली बारावीची पहिली परीक्षा झाली आणि मधली दोन वर्षे ‘कनिष्ठ महाविद्यालय’ या नावाने वेगळी पडली. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तीन शाखांचे फाटे पंधरा-सोळाव्या वर्षीच फुटू लागले ते तेव्हापासून. त्यातून जी वहिवाट रूढ झाली ती सर्वांच्या परिचयाची आहे: नव्वदच्या वर गुण असलेल्याने विज्ञान घ्यावे, सत्तरच्या घरातल्याने वाणिज्य, आणि जो उरला त्याने कला. कोणत्याही शासननिर्णयात न लिहिलेला हा नियम शासननिर्णयाहून अधिक कसोशीने पाळला जातो. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. परंतु गुणपत्रिकेवरील टक्केवारीसमोर त्या अहवालाला घरोघरी कितपत मान मिळाला असेल, हे वाचकांना सांगावयास नको.

माझ्या मते शाखेइतकाच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, विचार गणिताचा व्हावयास हवा. विज्ञान शाखेत इंग्रजी, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेतल्यावर गणित, जीवशास्त्र किंवा दोन्ही, असा प्रश्न उभा राहतो. अभियांत्रिकी आणि वास्तुरचना यांची वाट गणितातून जाते आणि ‘नीट’ परीक्षेची जीवशास्त्रातून. म्हणून ‘दोन्ही असू द्या, पुढे बघू’ म्हणणारा पालक सावधगिरीच बाळगत असतो. मात्र दोन्ही भार पेलताना एकही विषय धड न होण्याचा संभव असतो, आणि ज्याचा कल निश्चित आहे त्याने एक विषय सोडून भूगोल किंवा मानसशास्त्र घेण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त ते विषय त्या महाविद्यालयात शिकविले जातात की नाही, हे आधी विचारावे लागते. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स असे दोनशे गुणांचे द्विलक्षी विषय घेणाऱ्यांनी त्यासाठी आपल्याला कोणते विषय सोडावे लागणार, याचीही चौकशी करावी.

वाणिज्य शाखेत हीच गोष्ट अधिक नकळत घडते. अर्थशास्त्र, पुस्तपालन व लेखाकर्म आणि वाणिज्य संघटन हे विषय घेतल्यानंतर एका जागी गणित किंवा चिटणीसाची कार्यपद्धती, म्हणजे मुलांच्या तोंडचे ‘एसपी’, असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. दहावीत बीजगणिताने छळलेला मुलगा एसपीवर खूण करून सुटकेचा निःश्वास टाकतो. दोन वर्षांनी त्याला कळते की मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीला बारावीला गणित असण्याची अट वर्षानुवर्षे राहिली आहे, आणि सनदी लेखापालाच्या पहिल्या पायरीवरही व्यावसायिक गणिताची प्रश्नपत्रिका त्याची वाट पाहत उभी असते. एका महाविद्यालयाच्या खिडकीशी, घामाने भिजलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका सांभाळणाऱ्या एका गृहस्थांनी कारकुनाला विचारलेले मला आठवते, “साहेब, गणित नंतर घेता येतं का?” उत्तर आले, “काका, आधी ॲडमिशन तर होऊ द्या.” रांग लांब होती, त्यामुळे कारकुनालाही दोष देववत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते. कला आणि वाणिज्य शाखांचे शिक्षण मराठीतून घेता येते, पण विज्ञान बहुतांशी इंग्रजीतूनच शिकविले जाते. जी मुलगी दहावीपर्यंत ‘त्वरण’ आणि ‘संयुजा’ म्हणत आली, तिला अकरावीच्या पहिल्या महिन्यात विषय कठीण वाटतो तो पुष्कळदा विषयामुळे नव्हे, भाषेमुळे. हा अडसर थोड्या महिन्यांत दूर होतो. त्यापायी विज्ञान सोडू नये.

अंतराचा हिशेबही विषयांच्या निवडीतच धरला पाहिजे. बदलापूर हे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 68 किलोमीटरवर. तेथून मुलुंड-ठाण्याच्या नामांकित महाविद्यालयाचा हव्यास धरणाऱ्या मुलाचे रोजचे काही तास लोकलच्या दाराशी लोंबकळण्यात जातात, आणि ज्या शाखेत प्रात्यक्षिके आहेत तेथे हा खर्च दुप्पट जाणवतो. उल्हासनगरातले चांदीबाई किंवा तलरेजा महाविद्यालय, बदलापुरातले आदर्श, कल्याणचे बिर्ला ही नावे परिसरात जुनी आहेत. त्यांच्याकडे आपल्याला हव्या त्या विषयांची सोय आहे काय, हे पाहिल्याशिवाय दूरची गाडी धरू नये. उल्हासनगरातील सिंधी संस्थांच्या महाविद्यालयांत भाषिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा कोटा असतो, हेही ध्यानात असावे. अंबरनाथच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेकडे आणि तंत्रनिकेतनाच्या पदविकेकडे मात्र येथील कुटुंबे ‘काहीच जमले नाही तर’ म्हणून पाहतात, आणि हे मला अन्यायाचे वाटते. आयुध निर्माणीच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या या गावात फिटर-टर्नरच्या हाताला काम मिळालेले दोन पिढ्यांनी पाहिले आहे; शिवाय पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो.

प्रवेशाची पद्धत मुंबई महानगर प्रदेशात 2009 पासून ऑनलाइन आहे आणि 2025-26 पासून ती राज्यभर लागू झाली. अर्जाच्या पहिल्या भागात वैयक्तिक तपशील, दुसऱ्या भागात एक ते दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम. हा दुसरा भाग भरण्यापूर्वी पालकांनी मुलाला सोबत घेऊन किमान दोन महाविद्यालयांच्या कचेरीत जावे, तेथील विषयसंच लिहून घ्यावेत, आणि पहिल्या क्रमांकावर तेच नाव ठेवावे जेथे जाण्याची खरोखर तयारी आहे. कारण पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यावर प्रवेश न घेणारा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होतो.