पॉलिसी दुबईची, बाबा हातखंब्याचे

मी दुबईत, आई-बाबा हातखंब्याला. कंपनीचं मेडिकल कार्ड खिशात, म्हणून मी एकदम बिनधास्त! एका रात्री आईचा फोन, 'बाबांच्या छातीत दुखतंय रे.' शेजारच्या काकांनी गाडी काढून रत्नागिरी गाठली. माझं कार्ड तिथे शून्य कामाचं!

दुबईच्या कायद्याने कंपनीवर सक्ती फक्त नोकरदाराच्या विम्याची. सोबत नेलेल्या बायको-मुलांचा आपणच काढायचा. आई-बाबांचा मात्र भारतातच. २०२४ पासून पासष्टीनंतरही नवी पॉलिसी काढायला नियमाची आडकाठी नाही. जुन्या आजारासाठी थांबायचं जास्तीत जास्त ३ वर्षं. सत्तरी गाठली असेल, तर 'आयुष्मान' कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार.

बाबा आता बरे आहेत. पॉलिसीचा नंबर आईने फ्रिजवर चिकटवलाय, काकांच्या मोबाइल नंबरासकट. तुमच्या घरच्या फ्रिजवर काय आहे?