ध्वनीच्या पुढे, तरी जमिनीवर

ताशी बाराशे किलोमीटर वेगासाठी लागणारी ताकद लढाऊ विमानाच्या जेट इंजिनात तयारच मिळते. अवघड आहे ते इतक्या वेगात गाडीला जमिनीवर ठेवणं. नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात १९९७ साली ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या ‘थ्रस्ट एसएससी’ची खरी थोरवी इथे आहे.

ब्रिटनच्या रिचर्ड नोबल यांनी १९८३ मध्ये ‘थ्रस्ट २’ स्वतः चालवून ताशी १,०१९ किलोमीटरचा विक्रम केला होता. पुढचा टप्पा ध्वनीचा होता, आणि तिथे हवेचं वागणंच बदलतं. तिला बाजूला सरायला वेळ मिळत नाही. ती दाबली जाते आणि धक्कालहरी उठतात. आकाशात विमानाभोवती या लहरी मोकळ्या पसरतात. गाडीखाली मात्र जमीन असते, आणि तिच्यावर आपटलेली लहर पुन्हा गाडीच्या पोटाला भिडते. नाक जरा वर उचललं गेलं तर गाडी उलटते, खाली दाबलं गेलं तर जमिनीत घुसते.

क्षेपणास्त्रांच्या रचनेत मुरलेले वायुगतिकीतज्ज्ञ रॉन एअर्स यांनाही आधी हे धाडस पटलं नव्हतं. मग त्यांनी दोन वेगळ्या वाटांनी उत्तर शोधलं. एकीकडे संगणकावर हवेच्या प्रवाहाचं गणित मांडलं. दुसरीकडे वेल्समधल्या पेंडाइनला गाडीची छोटी प्रतिकृती रॉकेटच्या घसरगाडीवर बसवून रुळांवरून ध्वनीपेक्षा वेगाने सोडली. दोन्हींची उत्तरं जुळली, तेव्हा कुठे गाडीवर विश्वास बसला. आपल्याकडेही अशा रॉकेट घसरगाडीसाठी चंडीगडच्या डीआरडीओ प्रयोगशाळेकडे चार किलोमीटरचा रूळमार्ग आहे. गगनयानाच्या पॅराशूटच्या काही चाचण्या तिथे झाल्या.

गाडीचा आकार या गणितातूनच ठरला. वजन पुढे हवं, म्हणून फँटम विमानाची दोन रोल्स-रॉइस स्पे इंजिनं पुढच्या भागात दोन बाजूंना बसवली आणि चालकाला त्यांच्यामध्ये जागा दिली. मग पुढची चाकं वळवायला जागा उरली नाही. म्हणून गाडी मागच्या चाकांनी वळवायची ठरलं. अरुंद शेपटीत ती दोन चाकं शेजारी मावेनात, तेव्हा एक पुढे, एक मागे अशी बसवली. ही रचना आधी एका साध्या मिनी मोटारीवर लावून पाहिली होती. एवढ्या वेगात रबर टिकत नाही, म्हणून चाकं भरीव ॲल्युमिनियमची घेतली. साडेसोळा मीटर लांब आणि सुमारे दहा टन वजनाची ही गाडी ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक अँडी ग्रीन यांच्या हाती आली.

नियमाप्रमाणे एका तासात दोन्ही दिशांनी धावावं लागतं आणि सरासरी नोंदली जाते. १३ ऑक्टोबरला गाडीने ध्वनीवेग ओलांडला, पण परतीची फेरी तासाच्या मुदतीपेक्षा ५० सेकंद उशिरा झाली. १५ ऑक्टोबरला दोन्ही फेऱ्या वेळेत बसल्या. सरासरी होती ताशी १,२२७.९८५ किलोमीटर. एक मैल पार करायला पाच सेकंदही लागली नाहीत. हा विक्रम आजही अबाधित आहे.

तो मोडायला निघालेल्या ‘ब्लडहाउंड’साठी दक्षिण आफ्रिकेतलं हॅक्सकीन पॅन निवडलं गेलं. पृष्ठभाग सपाट होता, पण त्यावर दगड विखुरले होते, आणि धातूच्या चाकाखाली आलेला एक खडाही घातक ठरला असता. मीर भागातल्या तीनशेहून अधिक स्थानिक माणसांनी सोळा हजार टनांहून जास्त दगड हातांनी वेचले. त्याच धावपट्टीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्लडहाउंडने ताशी १,०१० किलोमीटर गाठले. त्यापुढची मजल पैशांअभावी रखडली.

विक्रमाच्या वहीत चालकाचं नाव येतं, आणि तो मान रास्तच आहे. पण असा वेग ज्यांच्या जिवावर मिळतो, त्यांत दोनदा गणित करणारा तज्ज्ञ आहे आणि उन्हात वाकून दगड उचलणारी बाईही आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं दरवर्षी हौसेने शर्यतीच्या गाड्या बांधतात. त्यांनी या गाडीकडून एवढं जरूर घ्यावं : इंजिन किती ताकदीचं, हा प्रश्न दुसरा. चाक जमिनीवर का टिकेल, हा पहिला; आणि त्याचं उत्तर दोन वेगळ्या वाटांनी मिळेपर्यंत गाडी सुरू करू नये.