'क्लास' आणि आपण

मी घेतो तो क्लास, परीक्षेत मिळतो तो क्लास, रेल्वेच्या तिकिटावर छापतात तोही क्लास. मूळ लॅटिन 'क्लासिस' म्हणजे रोमन नागरिकांची मालमत्तेनुसार विभागणी. मार्क्सने वर्ग ओळखला तो उत्पादनसाधनांच्या मालकीवरून. इंग्रज सरकारच्या लेखी आपण 'डिप्रेस्ड क्लासेस' होतो. १९३५ च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' झालो. क्लास गेला, कास्ट आली. जात हा बंदिस्त झालेला वर्गच होय, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच मांडले होते. माझे वडील 'क्लास फोर' नोकर. मी 'फर्स्ट क्लास' पदवीधर. वर्ग बदलला. तरी भाड्याची खोली पाहायला गेलो, तेव्हा घरमालकाने पगार नव्हे, आडनाव विचारले. वर्गाचे दार उघडते. जातीचे फोडावे लागते.