इंजिनाच्या पोटातील नाकेदार

मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव अशी ठाणी घेत वऱ्हाडातील कपाशीच्या शिवारांतून जाणाऱ्या लोहमार्गावर डोक्यावरून जी तार ताणलेली दिसते, तिच्यात २५,००० व्होल्टांचा सिंगल फेज प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करीत दिशा पालटीत असतो. आणि या मार्गावर वर्षानुवर्षे राबलेल्या डब्ल्यूएपी-४ व डब्ल्यूएजी-५ या इंजिनांच्या मोटारींना तर एकाच दिशेने वाहणारा प्रवाह हवा असल्यामुळे, तार आणि मोटार यांच्यामध्ये कोणीतरी नाकेदार बसविणे क्रमप्राप्त होते.

हे नाकेदार दोन जातींचे. डायोड हा हुकमाची वाट न पाहणारा: योग्य दिशेने येणाऱ्यास निमूटपणे वाट देतो, उलट येणाऱ्यास अडवितो, आणि याहून अधिक अकलेची त्याच्याकडून अपेक्षा नाही. १९५७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जन्मास आलेला थायरिस्टर मात्र ‘गेट’ नामक तिसऱ्या अग्रावर परवाना येईपर्यंत योग्य दिशेच्या प्रवाहालाही खोळंबून ठेवतो. गंमत अशी की, एकदा वाट उघडली म्हणजे ती बंद करण्याचा अधिकार गेटला उरत नाही. प्रवाह आपणहून शून्यावर उतरेल तेव्हाच नाके बंद होते.

या खोळंब्यातच सारी किमया आहे. घरच्या २३० व्होल्टांवर चार डायोडांचा पूल बसविला, तर सरासरी २०७ व्होल्ट मिळतात. त्यात घासाघीस चालत नाही. डायोडांच्या जागी थायरिस्टर बसवून दर अर्ध्या आवर्तनात परवाना ६० अंशांनी, म्हणजे सुमारे ३.३ मिलिसेकंदांनी, उशिरा धाडला, तर मोटारीसारख्या भारावर सरासरी निम्म्यावर, १०३ व्होल्टांच्या आसपास, येते. विलंब ९० अंशांपलीकडे नेला आणि मोटारीस जनित्राप्रमाणे वागविण्याची तजवीज केली, तर उतारावरच्या गाडीची ऊर्जा तारेत परत रुजू करता येते. डायोडाच्या हातून हे कालत्रयी घडणार नाही.

मग या इंजिनांत रेल्वेने इतकी वर्षे डायोडच का पोसला? कारण विलंबाची वसुली तारेकडून होते. ६० अंशांच्या विलंबात प्रवाह विद्युतदाबाच्या (व्होल्टेजच्या) तितकाच मागे पडतो. शक्तिगुणक, म्हणजे घेतलेल्या प्रवाहापैकी खऱ्या कामी लागणारा वाटा, जो डायोडाच्या पुलात ०.९ च्या जवळ असतो, तो निम्म्यावर घसरतो. एवढ्याच कामासाठी उपकेंद्राला दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो, आणि लहरीच्या तुटक्या कडांतून निघणारे उच्च वारंवारतेचे तरंग रुळालगतच्या सिग्नलांना व दूरध्वनीच्या तारांना उपद्रव देतात. त्यापेक्षा दाब कमी-जास्त करण्याचा कारभार ट्रान्सफॉर्मरकडे सोपवावा, आणि डायोडाने केवळ दिशेचा बंदोबस्त पाहावा, ही वाटणी अधिक शहाणपणाची ठरली. ट्रान्सफॉर्मरवर ३२ पायऱ्या काढलेल्या. चालकाने हँडल फिरविले की, ज्याला इंजिनवाले ‘जीआर’ म्हणतात तो टॅप-चेंजर एकेक नॉच चढत जातो. शेगावच्या फलाटावर इंजिनाजवळ उभे राहिल्यास ही चढण कानांनी ऐकता येते: एक खट्, आत चालकासमोर प्रवाहमापकाचा काटा उसळतो, किंचित बसतो, तोवर दुसरे खट्. जीआरला तेल-पाणी लागते, त्याचे संपर्क झिजतात. परंतु झिजलेला संपर्क भुसावळच्या शेडमधील कारागीर पाहू शकतो, बदलू शकतो, आणि या साध्या गोष्टीची किंमत मी फार मोठी समजतो.

थायरिस्टरची परीक्षा आपल्याकडे झालीच नाही, असे नव्हे. १९८७-८८च्या सुमारास डब्ल्यूएजी-६ वर्गाची १८ इंजिने बाहेरून आणविली गेली, स्वीडनच्या ‘आसेआ’कडून सहा आणि जपानच्या हिताचीकडून बारा. वर्ग तेथेच थांबला. कारखान्यांतून पुढेही डायोडाचीच इंजिने बाहेर पडत राहिली. १९९५-९६ मध्ये डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ आली, ती मात्र गेटनेच बंदही करता येणाऱ्या जीटीओ थायरिस्टरची. तेथे जुन्या थायरिस्टरची नामुष्की, म्हणजे एकदा उघडून पुन्हा मिटता न येणे, संपुष्टात आली, आणि मग डायोडाच्या बाजूने वाद घालण्याजोगे फारसे उरले नाही.

तोवरचा निवाडा मात्र मला रास्त वाटतो. शेगावला दर्शनाहून परतताना गाडीच्या पुढे एखादे जुने डब्ल्यूएपी-४ लागलेले दिसले, तर डब्यात शिरण्याची घाई करू नये; सुटताना त्याच्या खट्-खट् आवाजांपैकी जितके मोजता येतील तितके मोजावेत. सगळे मिळून ३२ असतात.