दोन मीटर लांबीचा बिट

धामणगाव रेल्वेहून मुंबई लोहमार्गाने सुमारे 700 किलोमीटर. रुळांलगत तेवढीच लांब ऑप्टिकल फायबर आहे असे धरा. काचेत प्रकाश सेकंदाला जवळपास 2 लाख किलोमीटर धावतो, म्हणजे मुंबई साडेतीन मिलिसेकंदांवर. पण 100 एमबीपीएसच्या वेगाने फाइल पाठवली, तर तिचा एकेक बिट त्या काचेत चक्क 2 मीटर जागा अडवतो! पहिला बिट मुंबईत उतरतो, तेव्हा त्याच्यामागे साडेतीन लाख बिट बडनेरा, अकोला, भुसावळ अशा वाटेवर रांगेत धावत असतात.

त्यातले काही हरवू शकतात. म्हणून पोच मिळेपर्यंत पाठवणारा प्रत जपून ठेवतो, आणि घेणारा क्रम लागेपर्यंत आलेले साठवतो. ही तात्पुरती साठवण म्हणजे बफर. जिनिंगच्या आवारात जागा उरली नाही, की कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबतात. रस्ता कितीही रुंद असो.

1981 साली या देवाणघेवाणीचे, म्हणजे टीसीपीचे, नियम ठरले, तेव्हा 'माझ्याकडे इतकी जागा आहे' हे सांगायला घेणाऱ्याला 16 बिटांचा रकाना मिळाला. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा 65,535 बाइट. एवढे पाठवायचे, मग पोचेची वाट बघायची. मुंबईची जा-ये 7 मिलिसेकंदांची, त्यामुळे तिथवर 75 एमबीपीएस वेग मिळेल. कॅलिफोर्नियाची जा-ये पाव सेकंदाची धरली, तर तोच वेग जेमतेम 2.1 वर येतो. लग्नाचा 1 जीबीचा व्हिडिओ 80 सेकंदांत जायचा, त्याला तासाहून जास्त लागतो. लाइनमध्ये बिघाड काहीच नाही. ती बहुतेक वेळ नुसती रिकामी असते.

ती भरलेली ठेवायला किती बफर हवा? वेग गुणिले जा-येचा वेळ: कॅलिफोर्नियासाठी सुमारे 31 लाख बाइट. मग सरसकट भलामोठा बफर का ठेवू नये? कारण वाटेतल्या राउटरमध्ये तो फार मोठा असला, की आतली रांग लांबत जाते आणि त्याच लाइनवरचा व्हिडिओ कॉल अडखळतो. जिम गेटिस यांनी 2010च्या सुमारास या दुखण्याला 'बफरब्लोट' असे नाव दिले.

रकान्याची अडचण 1992 साली सुटली, तीही रकाना न वाढवता. जोडणी होतानाच दोन्ही बाजू ठरवून घेतात, की यापुढचा आकडा अमुक पटीने वाचायचा. त्यामुळे 1981च्या त्याच 16 बिटांत आज जवळजवळ 1 जीबीपर्यंतची जागा सांगता येते.