सेन्सरचा दिवा आपल्या घराला लागतो का?

आजचा विषय छोटा वाटेल. माणूस आला की लागणारा आणि माणूस गेला की विझणारा दिवा घरात बसवावा की नाही, एवढाच प्रश्न आहे. पण ताथवड्यात गेल्या काही महिन्यांत आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे, म्हणून तो आज सविस्तर घेऊ.

ताथवड्यातच का, तर त्याला कारण आहे. २००९ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. शेतं होती तिथे टॉवर उभे राहिले. एकेका इमारतीला दोन-दोन मजली पार्किंग, लांब पॅसेज आणि लिफ्ट असली तरी नियमाने लागणारा जिना. यातले बरेच दिवे चोवीस तास जळतात आणि त्यांचं बिल मेंटेनन्समधून जातं. दुसरीकडे लोकांच्या वेळा विचित्र. कुणी हिंजवडीतून रात्री दोनला येतो, कुणी चाकणची दुसरी पाळी संपवून मध्यरात्रीनंतर. त्यामुळे दिवा रात्रभर चालू ठेवावा तरी वाटतं वाया जातोय आणि बंद करावा तरी येणाऱ्याची पंचाईत.

आधी सेन्सर बघतो तरी काय?

घरगुती दिव्यांत दोन प्रकारचे सेन्सर मिळतात. पहिला पीआयआर. पांढऱ्या प्लास्टिकची, खवल्याखवल्यांची अर्धगोल टोपी असते ना, तो. आपल्या शरीरातून उष्णता बाहेर पडत असते, ती डोळ्यांना दिसत नाही, पण या सेन्सरला कळते. ती टोपी म्हणजे भिंग आहे. ते समोरच्या जागेचे पट्टे पाडतं. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की उष्णतेत फरक पडतो आणि दिवा लागतो.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, सेन्सरला माणूस कळत नाही, हलणारी उष्णता कळते. मांजर, कुत्रा, टोपीवर बसलेली पाल, सगळे त्याच्या लेखी पाहुणेच. दोन, आडवं चालत गेलात तर तो लगेच ओळखतो, सरळ त्याच्याकडे चालत आलात तर उशिरा ओळखतो. म्हणून तो दाराच्या अगदी समोर लावण्यापेक्षा बाजूला लावलेला बरा. तीन, काचेतून त्याला दिसत नाही. सेन्सरचा बल्ब काचेच्या बंद शेडमध्ये घातला तर तो आंधळा होतो. आणि एप्रिल-मे मध्ये वरच्या मजल्याचा स्लॅब तापून भिंतीच अंगाइतक्या गरम झाल्या, की याची नजर मंदावते. ती वस्तू बिघडलेली नसते, तिला फरकच कमी दिसत असतो.

दुसरा प्रकार मायक्रोवेव्ह किंवा रडार सेन्सर. हा स्वतः लहरी सोडतो आणि हलणाऱ्या वस्तूवरून परत आलेल्या लहरींतला फरक ओळखतो. हा जास्त तीक्ष्ण असतो आणि उन्हाळ्याचा त्याला त्रास नाही. पण तो काच, प्लायवूडचं दार, पातळ भिंत यांच्या पलीकडेही बघतो. फ्लॅटच्या पॅसेजमध्ये लावला आणि बाहेरून लिफ्टकडे कुणी गेलं, तरी तुमच्या घरात दिवा लागेल. म्हणून पार्किंगला हा चांगला, घरात शक्यतो पीआयआर.

आता हिशेब

सेन्सर वीज वाचवतो हे आपण धरूनच चालतो. पण सेन्सर स्वतः दिवसरात्र जागा असतो आणि जागं राहायला त्याला वीज लागते. समजा अर्धा वॅट. चोवीस तासांचे झाले १२ वॅट-तास.

पूर्वी आपल्याकडे ६० वॅटचा पिवळा बल्ब असायचा. तो १२ मिनिटांत १२ वॅट-तास खायचा. म्हणजे रोज १२ मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिवा उगाच चालू राहत असेल, तर सेन्सर फायद्यात. मग जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना आली, एलईडी स्वस्त झाले आणि घरोघरी ९ वॅटचे बल्ब लागले. ९ वॅटच्या बल्बला तेवढीच वीज खायला ८० मिनिटं लागतात. म्हणजे आता रोज ८० मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिवा विनाकारण जळत असेल तरच सेन्सर वीज वाचवणार. सल्ला जुन्या बल्बच्या काळातला आहे आणि बल्ब बदललाय, इथेच बऱ्याच जणांची गफलत होते.

बाथरूमचं उदाहरण घ्या. घरातली मंडळी रोज सगळी मिळून वीस मिनिटं दिवा विसरतात असं धरू. वाया गेले ३ वॅट-तास. ते वाचवायला आपण १२ वॅट-तास खाणारा पहारेकरी नेमला. शिवाय माणूस बाहेर पडल्यावरही दिवा ठरलेला एक-दोन मिनिटांचा वेळ जळतच राहतो. म्हणजे बाथरूमला सेन्सर लावून बिल कमी होत नाही, कणभर वाढतंच. वर शॉवरला काचेचं पार्टिशन असेल तर आत अंघोळ करणारा सेन्सरला दिसत नाही आणि अंगाला साबण लागलेला असताना अंधार होतो. हे ज्यांच्या घरी झालंय ते आत्ता हसताहेत.

आता बंगल्याच्या किंवा रो हाउसच्या दारावरचा दिवा. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, १२ तास, ९ वॅट म्हणजे १०८ वॅट-तास. सेन्सर लावून तो एकूण दोन तासच जळला, तर दिव्याचे १८ आणि सेन्सरचे १२ मिळून ३० वॅट-तास. रोज ७८ वाचले, वर्षाला साधारण २८ युनिट. युनिट दहा रुपयांचं धरलं तर २८० रुपये. काही शे रुपयांचा सेन्सर आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी निघायला दोन-तीन वर्षं लागतात. वाईट नाही, पण घरात पैसा मोजून लावण्यासारखी ही गोष्ट नाही. खरी मोठी रक्कम सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे.

समजा बेसमेंटला २० वॅटच्या ६० ट्यूब चोवीस तास चालू आहेत. एक ट्यूब दिवसाला ४८० वॅट-तास खाते. त्याऐवजी अशा ट्यूब बसवल्या ज्या कुणी नसताना ६ वॅटवर मंद जळतात आणि कुणी आलं की पूर्ण लागतात. सहा तास पूर्ण आणि अठरा तास मंद धरलं तर २२८ वॅट-तास होतात. एका ट्यूबमागे २५२ वाचले, ६० ट्यूबचे रोज १५ युनिट, वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास. दहा रुपयांनी पंचावन्न हजार. हा विषय सर्वसाधारण सभेत मांडण्यासारखा आहे. आणि लक्षात घ्या, यात दिवा विझत नाही, मंद होतो. हा फरक फार महत्त्वाचा आहे. का, ते सांगतो.

अंधार झाला तर काय होईल?

आमच्याच इमारतीत जिन्याला सेन्सर बसवले. वेळ ठेवली होती १५ सेकंद, कारण वेळ जितकी कमी तितकी बचत जास्त, असा आमचा हुशार विचार. एका संध्याकाळी लिफ्ट बंद पडली. वरच्या मजल्यावरच्या एक काकू भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्याने निघाल्या. चौथ्या मजल्याच्या वळणावर त्या दम खायला थांबल्या. थांबल्या म्हणजे हालचाल संपली. दिवा गेला. त्यांनी घाबरून अंधारातच पाऊल टाकलं आणि दोन पायऱ्या घसरल्या. हाताला मुका मार लागला, एवढ्यावरच निभावलं. पण त्यांनी नंतर आम्हाला जे विचारलं ते आम्ही विसरलो नाही. त्या म्हणाल्या, "अहो, तरणा माणूस न थांबता चढतो. थांबतो तो म्हाताराच. मग तुमचा दिवा नेमका कुणासाठी विझतो?"

चूक सेन्सरची नव्हती, आमची होती. आम्ही वेळ ठरवली ती आमच्या चालीवरून. आता तिथे वेळ तीन मिनिटं आहे आणि प्रत्येक वळणावर एक छोटा दिवा रात्रभर कायम चालू असतो.

तेव्हापासून आम्ही कुणी विचारलं की आधी बचतीचं बोलत नाही. तीन प्रश्न विचारतो.

पहिला, इथे माणूस चालत जातो की थांबतो? पॅसेज, दाराबाहेरची जागा, माळ्याची खोली, गाडी लावायची जागा इथे माणूस येतो-जातो, तिथे सेन्सर चालतो. अभ्यासाचं टेबल, हॉल, देवघर इथे माणूस शांत बसतो, तिथे सेन्सर म्हणजे दर पाच मिनिटांनी हात हलवायची शिक्षा.

दुसरा, दिवा आज खरंच किती वेळ वाया जळतो? अंदाजाने सांगू नका. एक आठवडा बटणाशेजारी कागद चिकटवा. विनाकारण चालू दिसला की किती मिनिटं ते लिहा. रोजची सरासरी ८० मिनिटांच्या आत असेल तर विजेसाठी सेन्सर घेऊ नका. सोयीसाठी घ्यायचा तर जरूर घ्या, हात भरलेले असताना दार उघडणाऱ्याला त्याची किंमत कळते. पण मग कारण सोय आहे हे स्वतःला सांगा.

तिसरा, सेन्सर चुकला तर कुणाला इजा होईल? जिथे पायरी आहे, ओली फरशी आहे, म्हातारं माणूस किंवा लहान मूल आहे, तिथे पूर्ण अंधार करणारा सेन्सर एकटा ठेवू नका.

मागे एका ताईंनी विचारलं होतं, सासरे रात्री तीन-चार वेळा उठतात, पलंगापासून बाथरूमपर्यंत सेन्सर लावू का? आमचं उत्तर असं की आधी अर्ध्या वॅटचा साधा नाइट लॅम्प खाली, पायाशी लावा. दहा तासांचे ५ वॅट-तास, वर्षाला दोन युनिटसुद्धा नाही, म्हणजे सेन्सरच्या जागं राहण्यापेक्षाही कमी. तो चुकत नाही आणि झोपेतून उठल्यावर डोळ्यांवर भसकन उजेडही येत नाही. बाथरूमच्या दाराशी हवा तर त्याच्या जोडीला सेन्सर लावा.

घ्यायचं ठरलंच तर

आधी इलेक्ट्रिशियनला विचारा की बटणाच्या बोर्डात न्यूट्रल वायर आहे का. बऱ्याच सेन्सरना ती लागते आणि बऱ्याच बोर्डांत ती नसते. न्यूट्रलशिवाय चालणारे सेन्सर मिळतात, पण त्यांच्यावर छोटा एलईडी कधीकधी विझल्यावरही मिणमिणत राहतो. वायरिंगला हात लावायचा नसेल, भाड्याचं घर असेल, तर होल्डरमध्ये बसणारा सेन्सरचा बल्ब घ्या. चार्जिंगवाल्या पट्ट्या कपाटात ठीक, पण ज्या वाटेवर कुणाचा पाय अवलंबून आहे तिथे नको, कारण चार्जिंग नेमकं नको त्या रात्री संपतं.

सेन्सरवर वेळ आणि उजेड अशा दोन चकत्या असतील तर बघून घ्या. उजेडाची चकती नसेल तर दिवा भर दुपारीही लागेल. बाहेर लावायचा तर पावसाला टिकणारा, आयपी ६५ लिहिलेला घ्या आणि त्याचं तोंड रस्त्याकडे किंवा शेजाऱ्यांच्या खिडकीकडे ठेवू नका. गावठाणात रात्रभर कुत्री फिरतात, प्रत्येक फेरीला शेजारच्या झोपलेल्या माणसावर झोत पडला तर वाचलेले २८० रुपये महागात जातात.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. रात्री जेवण झाल्यावर जिन्याने एक मजला चढा, मध्ये थांबा आणि मनात साठ मोजा. दिवा टिकला तर उत्तम. नाही टिकला, तर उद्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगा. चकती फिरवायला पैसे पडत नाहीत.

आता प्रश्न घेऊ.